आमचा म्हातारा चावला तेव्हा

तेरा वर्षांपूर्वी यांनी रसायनीहून कामावरून येताना पिशवीतून एक पिल्लू आणलं. लोधिवलीच्या आमच्या घरात ते यांच्याच पायांत घुटमळत वाढलं. हे गेले, दिवसकार्य आटोपून मुलगी पुण्याला नोकरीवर परतली, आणि घरात मी आणि तो कुत्रा, एवढेच उरलो.

गेल्या दिवाळीनंतर त्याचं बिनसलं. कधी घरात घाण न केलेला तो स्वयंपाकघराच्या दारातच मुतायला लागला. दुपारी भिंतीकडे तोंड करून भुंकायचा. मी जवळ गेले की गुरगुरायचा. मला वाटलं, मालक गेल्यापासून हा मला जुमानत नाही. मी ओरडले, एकदा वर्तमानपत्राच्या गुंडाळीनं मारलंही, आणि शेवटी ओटीवरच्या खांबाला बांधून ठेवलं. तिथे तो तासन्‌तास उभाच असायचा. बसत का नाही, हा प्रश्न मला पडला नाही.

शेजारीण रोज चारला चहाला यायची. मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझ्याशी धड दोन वाक्यं बोलणारी तीच. आत शिरताना त्याच्या पाठीवर थाप मारायची तिची जुनी सवय. एक दिवस तिनं मागून तशीच थाप मारली आणि त्यानं वळून तिचं मनगट धरलं.

त्याला लस दिलेली होती, तरी तिला इंजेक्शनं घ्यावी लागली. प्रत्येक वेळी मी बरोबर गेले. तिनं एका शब्दानंही दोष दिला नाही. शेवटचं इंजेक्शन झाल्यावर दवाखान्याच्या पायरीवर चप्पल घालताना ती म्हणाली, "बाई, राग मानू नका. आमी आता तुमच्याकडं येत नाय."

मग मी चहा तीनलाच घ्यायला लागले, चारला दाराकडे कान जाऊ नयेत म्हणून.

मुलीनं फोनवर सांगितलं की पुण्याजवळ एका ठिकाणी म्हाताऱ्या कुत्र्यांना ठेवून घेतात, तिथे देऊन टाक. मी हो म्हटलं. डॉक्टरांचा दाखला लागणार होता म्हणून रिक्षा करून त्याला कर्जतला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या मागे उभं राहून टाळी वाजवली. त्याचा कानही हलला नाही. डोळ्यांवर बॅटरी मारली, मग कंबरेला हलकेच हात लावला. तो कळवळून गुरगुरला.

"हा तापट झालेला नाही," डॉक्टर म्हणाले. "याला ऐकू येत नाही, नीट दिसत नाही, आणि कंबर सारखी दुखते. कुठून कुणाचा हात येतो ते कळत नाही, म्हणून घाबरून चावतो. बसलं की उठवत नाही, म्हणून उभा राहतो."

मी दाखला मागितलाच नाही. दुखण्याच्या गोळ्या घेऊन परत आले. येताना रिक्षात त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मला ती वर्तमानपत्राची गुंडाळी आठवत होती.

दोर सोडला. लादीवर त्याचे पाय घसरत, म्हणून तिथे पोती अंथरली. आता मी समोरून जाते, आधी हात हुंगायला देते, मगच अंगाला लावते. दर दोन तासांनी घरामागच्या परड्यात नेते. घरातलं मुतणं बरंचसं थांबलं. भिंतीवर भुंकणं मात्र चालू आहे.

हे सगळं सांगायला मी शेजारणीकडे गेले. तिनं ऐकून घेतलं. "कळतं वो मला," ती म्हणाली, "पन हात लावायची हिंमत होत नाय." आता ती कुंपणापलीकडूनच चौकशी करते, काम असेल तेवढंच बोलते. मीही आग्रह करत नाही.

परवा मुलगी फोनवर म्हणाली, एकटी किती दिवस राहणार, इकडे राहायला ये ना. एवढ्यात तो पोत्यावरून उठायची धडपड करू लागला. "याला बाहेर न्यायचंय," मी म्हटलं आणि फोन ठेवला.