काटेबाईंचा पंप किती खातो

वजनमापे खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या बाईंना सगळे काटेबाई म्हणत, आणि निवृत्तीच्या दिवशी ते नाव त्यांच्याबरोबरच घरी आलं. दुकानातल्या तराजूचा काटा दोन ग्रॅमने झुकला तरी बाई तराजू जप्त करत. दुकानदार चहा पुढे करायचे. बाई चहा घेत आणि तराजूही नेत.

नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात आता त्या आणि त्यांची अठ्ठ्याहत्तरीची नणंद, दोघीच. नणंदेला त्या वन्सं म्हणत. वन्संना थंडी अजिबात सोसत नसे. त्या दिवसभर भिंतीवरच्या गरम रेडिएटरला पाठ लावून विणत बसत. रेडिएटरांचं पाणी तापवणाऱ्या जुन्या बॉयलरने मान टाकली तेव्हा त्याच्या जागी हीट पंप आला. मागच्या अंगणात पंख्याची एक मोठी पेटी. ती बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घेते आणि घरातल्या रेडिएटरांमध्ये पाठवते, असं बसवणाऱ्या मेकॅनिकने सांगितलं.

"एक युनिट वीज घेतो आणि तीन युनिटांची ऊब देतो, बाई."

"लिहून द्या."

मेकॅनिकने लिहून दिलं नाही. बाहेर थंडी किती आहे त्यावर ते ठरतं, म्हणाला. मग काटेबाईंनी वायरमनला बोलावून पंपापुरतं वेगळं मीटर बसवून घेतलं.

कडाक्याच्या थंडीचा पहिला आठवडा आला आणि मीटरने दिवसाला एकतीस युनिटं दाखवली. शेजारी निवृत्त बसड्रायव्हर राहत. त्यांच्याकडेही पंप होता. कुंपणापाशी उभं राहून ते म्हणाले, "आमचा अठरा खातो. तुमचा जरा खादाडच निघाला."

काटेबाईंना हे चांगलंच झोंबलं. पण नुसत्या शब्दावर विश्वास ठेवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. फीत घेऊन त्या ड्रायव्हरकाकांचं घर मोजून आल्या. त्या घराच्या तीनच खोल्या, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या उबदार भिंती. बाईंचं घर पाच खोल्यांचं, रांगेच्या टोकाला, तीन बाजूंनी वारा खाणारं. म्हणजे अठरा आणि एकतीस यांची तुलना करण्यात काही अर्थ नव्हता. पण एवढ्याने एकतीस बरोबर ठरत नव्हते.

पंपाची तापमान ठरवणारी डायल वन्संच्या खोलीबाहेर होती. बाईंनी तिच्यावर पेन्सिलीने बारीक खूण केली. दुसऱ्याच दिवशी वन्संनी ती पाहिली.

"माझ्यावर पाळत ठेवतेस?"

"डायलवर ठेवलीय."

आठवडाभर डायल बाई ठेवून जात त्याच जागी राहिली. वन्संवरचा संशय फिटला, पण बाईंनी तसं बोलून दाखवलं नाही. वन्संनी मात्र तो आठवडा फार कमी शब्दांत काढला.

मग बाईंनी दर दोन तासांनी मीटर वाचायला सुरुवात केली. वहीत आकडा, वेळ, बाहेरचं तापमान. चौथ्या दिवशी चित्र स्पष्ट झालं. दिवसभर पंप अगदी सज्जनासारखा वागत होता. सकाळी सहा ते आठमध्ये मात्र अकरा युनिटं उडत होती. बाईंनी मेकॅनिकला बोलावलं आणि वही पुढे ठेवली.

त्याने ती नीट वाचली. "रात्री तापमान उतरवता का?"

"अर्थात. वीज वाचवायला नको? झोपताना पंधरा, सकाळी सहाला परत एकवीस."

मेकॅनिकने रुमालाने हात पुसले. ते स्वच्छच होते. "बाई, पंप हळूहळू तापवतो. एकदम सहा अंश मागितले की त्याला वाटतं, आपल्याच्याने हे होणार नाही. मग तो आतली साधी हीटरची कॉइल लावतो. तिच्यात एका युनिटाला एकाच युनिटाची ऊब मिळते. तुमची सकाळची वीज बरीचशी तीच खाते."

"म्हणजे मी वाचवत होते त्यातच ती जात होती."

"तसं मी म्हणणार नव्हतो," मेकॅनिक म्हणाला.

तो गेल्यावर काटेबाईंनी वही पुढे ओढली. खात्याच्या वह्यांत 'दोष' या रकान्यात आजवर त्यांनी शेकडो लोकांची नावं लिहिली होती. आज या वहीत तसाच रकाना आखून स्वतःचं लिहिलं, तारीख टाकली, आणि त्या वन्संच्या खोलीत गेल्या.

"वन्सं, चूक माझीच होती. सकाळी डायल मीच फिरवत होते."

वन्संनी हातातली ओळ पुरी केली. "माहीत होतं. रोज सहाला तुझ्या सपाता वाजतात."

"मग बोलला का नाहीत?"

"तू मला विचारलंस कुठे? तू डायलला विचारलंस."

 बाईंनी वन्संसाठी चहा केला आणि पुढचा तासभर लोकरीचा गुंडा धरून बसल्या.

डायल विसावर ठेवली आणि कोणी हात लावायचा नाही असं ठरलं. पुढच्या आठवड्यात थंडी तेवढीच होती, पंप रात्रभर चालू होता, तरी मीटरवर रोज चोवीस आले. अशा थंडीत या घराला साठेक युनिटांची ऊब लागते, असं मेकॅनिकने काढून दिलं होतं. चोवीसात साठ, म्हणजे एकाला अडीच. बाईंनी वहीत लिहिलं: रास्त.

ड्रायव्हरकाकांना हे कळलं आणि ते विचारात पडले. "मग माझ्या तीन खोल्यांना अठरा कसे?"

बाई वही घेऊन त्यांच्या मागच्या अंगणात गेल्या. पंपाच्या पेटीला मागून आणि दोन्ही बाजूंनी जाड रजई गुंडाळून दोरीने बांधली होती. पंख्याचं तोंड तेवढं उघडं होतं.

"हे काय आहे?"

"बिचारा बाहेर असतो. म्हटलं, गारठेल."

"काका, तो मागून हवा ओढतो. तुम्ही त्याचं नाक दाबलंय."

काकांनी दोरी सोडली. त्यांना जरा वाईट वाटलेलं दिसत होतं. पेटीच्या मागच्या जाळीवर बर्फाचा थर जमला होता. तो वितळून पंखा मोकळा फिरायला तासभर लागला. तेवढ्यात काकू दारात आल्या आणि त्यांनी रजई ओळखली. ती त्या दोन महिने शोधत होत्या.

बाईंनी मीटरचा आकडा टिपला आणि उद्या याच वेळेला येते म्हणून सांगितलं.