कंदील विझवल्यावर सापडलेली दीर्घिका

दादा, म्हणजे माझे वडील, गेले त्या वर्षी वडूजबाहेरच्या आमच्या वस्तीवर दिवाळी नव्हती. मेंढरांपाशी रोज जळणारा कंदीलही आईने त्या अवसेला विझवला. मी दादांची फौजेतली दुर्बीण काढली. साताऱ्याला कॉलेजात मी जिच्याविषयी वाचलं होतं, ती एक सर्पिल दीर्घिका आम्हा बापलेकांना कधीच सापडली नव्हती. तिच्या सैल भुजांतला प्रकाश इतका पसरलेला, की थोड्या उजेडातही ती विरून जाते. आज ती दिसली! मी दुर्बीण आईला दिली.

“काय बी न्हाई रं.”

“सरळ नको, जरा बाजूला बघ. दादा रात्री पहाऱ्यावर बघायचे तसं. अंधारात अंधूक ते डोळ्याच्या कडेनंच दिसतं.”

“आगं बया! पिंजल्याली लोकरच की!” कित्येक दिवसांनी आई हसली. “सांग त्यास्नी, घावली म्हणावं.”

मी माळावर मोठ्यांदा ओरडलो, “दादा, घावली!”