मामांची खंडव्याची तार

विजेवर माझ्या मामांइतका जीव लावणारा माणूस अख्ख्या भोकरदन तालुक्यात झाला नसेल. लाइनमन म्हणून निवृत्त होऊन ते पिंपळगाव रेणुकाईला राहत, पण नोकरी काही त्यांच्या अंगातून गेली नव्हती. रोज सकाळी धोतराच्या सोग्यानं मीटर पुसत. वीज गेली की लोक मंडळाला शिव्या देत. मामा मात्र "थकली असंल बिचारी, येईल मंग," म्हणत, आणि ती आली की पाहुणा आल्यासारखे उठून उभे राहत. दिव्याकडे डोळे बारीक करून ते वीज कुठली तेही सांगत. "हे कोयनेचं न्हाई. मध्य प्रदेशातून आलंय." मी म्हणायचो, "मामा, विजेवर गावाचं नाव असतं का?"

"तुला काय कळतं? आपल्याला कमी पडलं की शेजारचं राज्य देतं, त्यांना पडलं की आपण. उगंच बांधल्या का एवढ्या तारा?"

पुढं भारनियमन फार वाढलं, तेव्हा त्यांच्या एकुलत्या एक लेकीनं, आमच्या ताईनं, मध्य प्रदेशातल्या सासरहून, खंडव्याहून, सोलरचं पॅनल पाठवलं. मामा आठ दिवस पॅनलशी बोलले नाहीत. नंतर असा लळा लागला, की ढग आले की ते स्वतःच आजारी पडल्यासारखे खाटेवर पडून राहत. घरात दोन दिवे बिनघोर जळू लागले.

मी सहज म्हणालो, "मामा, आता खांबावरची तार काढून टाका की."

"बिलकुल न्हाई!" मामा एवढ्या मोठ्यानं ओरडले, की मामी चुलीपासून उठून आल्या. मग खाली बघत हळूच म्हणाले, "सूर्याचं इथल्या इथं असतं रे. ही तार खंडव्यापस्तोर जाती. तीन वर्सं झाली, पोरगी आली न्हाई."

मी ताईला पत्र टाकलं. संक्रांतीला ती आली, चार दिवस राहिली. परत निघाली तेव्हा मामा तिची पिशवी घेऊन फाट्यापर्यंत चालत आले. एसटी येईपर्यंत ते डोक्यावरच्या विजेच्या तारांकडे बघत राहिले. गाडी वळणाआड गेली.

"चल, ऊन लई झालं," मामा म्हणाले. पण जागचे हलले नाहीत.