पागोट्याशिवायचा चेहरा

ज्या माणसाविषयी मी लिहायला बसलो आहे तो मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्या हातून त्याच्यावर कुठे अन्याय झाला तर वाचणाऱ्याने तेवढा वजा करून घ्यावा. मी इंटरच्या वर्गात शिकतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेले नाही, आणि असे काही लिहिण्याचा मला सरावही नाही.

तो साहेब चित्रकार होता. विलायतेत मुलांसाठी स्वस्त साप्ताहिके निघतात. त्यांत तो चित्रांनी गोष्ट सांगत असे. पानभर चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीत तीच माणसे पुढचे काहीतरी करताना दाखवायची, असा तो प्रकार. भोरजवळच्या धरणावर त्याचा भाऊ इंजिनियर होता. त्या भावाच्या बंगल्यात हा येऊन राहिला होता. त्याला गड बघायचे होते, आणि इंग्रजी समजणारा, डोंगर चढणारा कोणीतरी सोबत हवा होता. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत वेल्ह्याकडच्या आमच्या गावी आलो होतो. कचेरीतल्या कोणीतरी माझे नाव सुचवले. पुस्तकांपुरते पैसे सुटतील म्हणून मी गेलो.

चालताना तो स्वतःबद्दलच बोलायचा. मी ऐकतो आहे की नाही हे त्याने कधी पाहिले नाही. पोरवयात तो एका छापखान्यात दुसऱ्यांच्या चित्रांखाली अक्षरे भरायचा. मग एका खोडकर कुत्र्याची चित्रे त्याच्याकडे आली. पुष्कळ वर्षांनी त्याला स्वतःचे एक पान मिळाले. त्यात एक गोरा मुलगा हिंदुस्थानात येतो, जंगलांतून आणि किल्ल्यांतून फिरतो आणि दुष्टांना धडा शिकवतो. साहेबाने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. त्याने किल्ल्यावर नारळाची झाडे काढली आणि तटावर उंट उभे केले. इथे नोकरी करून परतलेल्या कोणा म्हाताऱ्या लष्करी माणसाने संपादकाला खरमरीत पत्र लिहिले. संपादक म्हणाला, एक तर देश बघून ये, नाहीतर पान दुसऱ्याला देतो.

"म्हणून मी तुमच्या या भट्टीत आलो," तो म्हणाला. आमच्या मुलखाला त्याने कायम भट्टीच म्हटले.

त्याचा हात मात्र चांगला होता. मला चित्रांतले काही कळत नाही, पण तो पेन्सिलीने कड्याची रेघ ओढायचा तेव्हा मी तिथून लहानपणी गुरे हाकलेली मला आठवायची. माणसे काढताना हा हात कुठे जायचा कोण जाणे. आमच्या माणसांचे डोळे तो आधीच ठरवून आल्यासारखे काढी.

एक दिवस त्याने माझ्या वडिलांना पाहिले. "हाच! हाच माझा माणूस," तो ओरडला.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबा उंच, नाकाने सरळ, आणि डोक्याला पांढरे पागोटे. दसऱ्याला गडावरच्या देवीपुढे पहिली दिवटी नेण्याचा मान आमच्या घरात आहे. आबांचा इतर गोष्टींत फारसा शब्द चालत नाही, पण त्या एका दिवशी सारा गाव त्यांच्या मागून चालतो. तो मान आपल्या घरात यावा असे त्यांच्या चुलतभावाला, म्हणजे माझ्या चुलत्याला, फार वर्षे वाटत आले आहे. पुढचे समजायला एवढे पुरे.

साहेबाने आबांना कड्याच्या टोकाशी एका धोंड्यावर बसवले. "त्याला रागवायला सांग," तो मला म्हणाला.

मी सांगितले. आबा म्हणाले, "कशापायी रागवू? त्यानं आजून केलंय काय?"

मी ते इंग्रजीत सांगितले. साहेब हसला नाही. त्याने आणखी एकदोनदा सांगून पाहिले, आणि आबा आपले शांतच. मग तो उठला आणि हातातल्या काठीने त्याने आबांचे पागोटे उडवले.

आमच्याकडे घरातला माणूस गेला तरच पुरुष चारचौघांत बोडक्या डोक्याने दिसतो. मी आबांना उघड्यावर तसे कधी पाहिले नव्हते. आबा उभे राहिले. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी लिहीत नाही. साहेबाचा हात तोवर कागदावर भराभर फिरत होता, आणि तो म्हणत होता, "सुरेख! हलू नको! त्याला सांग, हलू नको!"

मी ते सांगितले नाही. पागोटे उचलून आणले. आबांनी ते बांधले आणि खाली उतरून गेले. साहेबाला वाटले ते जेवायला गेले. दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्याकडे जाणे बंद केले. घरीही त्या दिवसाबद्दल कोणी बोलले नाही.

पावसाळा सरला. चित्रे बोटीने जाऊन छापून परत आली असणार. नवरात्राच्या तोंडावर मी सुट्टीला घरी आलो, तर चावडीपुढे माणसे गोळा झाली होती आणि मधे चुलते ते साप्ताहिक उघडून बसले होते. ते धरणावरच्या बंगल्यात दूध घालतात. खानसाम्याने टाकायला काढलेला अंक त्यांच्या हाती लागला होता.

पानभर आबा होते. बोडके, दात विचकलेले, डोळ्यांत रक्त उतरलेले. एका चौकटीत ते गोऱ्या मुलाच्या दुधात विष कालवत होते. एका चौकटीत सुरा घेऊन मागे लागले होते. शेवटच्या चौकटीत ते आमच्याच गडाच्या कड्यावरून खाली पडत होते आणि मुलगा वरून बघत होता. कडा इतका हुबेहूब होता की कोणालाही ओळखू यावा.

पंचांतल्या एका म्हाताऱ्याने बराच वेळ पान न्याहाळले. "हे समदे भाऊ भाऊ व्हय रं?"

"न्हाई आजा," मी म्हणालो, "हा एकच माणूस आहे."

"एकच? मंग इतक्यांदा कशाला काढलाय? एकदा काढून समाधान न्हाई झालं त्याचं?"

माणसे हसली. चुलते हसले नाहीत. "हसू नगा," ते म्हणाले. "देव्हाऱ्यात आपण टाक कुणाचे ठेवतो? मेलेल्यांचे. चांदीवर चेहरा उठवायचा तो माणूस गेल्यावर. ह्याचा जितेपणी चेहरा उठला, त्यो बी बोडका. आन् वर कड्यावरनं पडून मेलेला. इलायतेत छापून आलंय. मेलेल्या माणसाच्या हातात देवीची दिवटी देनार का तुमी?"

आबा मागे उभे होते. ते पुढे आले. "म्या मेलो, तर हितं कोन उभं हाय?"

"उभा हायस, दिसतोय," चुलते म्हणाले. "पर बोडका झालास का न्हाई? सांग पंचांस्नी. खोटं बोलू नगंस."

आबांनी डोक्यावरचे पागोटे घट्ट केले. पागोटे कसे उडाले हे सांगायचे म्हणजे ते चारचौघांत पुन्हा एकदा उडवून घ्यायचे. मी सांगायला तोंड उघडले, तर त्यांनी नुसते माझ्याकडे पाहिले. कॉलेजात एवढी भाषा शिकलो, पण त्यांच्या बाजूने बोलायला तिचा त्या वेळी मला काही उपयोग झाला नाही.

पंचांनी ठरवले ते असे: ज्याने मारला त्यानेच जिता करावा. साहेबाने पंचांसमोर आबांचे पागोट्यासकट चित्र काढून द्यावे. तरच दिवटी. नाहीतर या वर्षी मान चुलत्यांच्या घरी.

साहेबाला बोलवायला जावे लागले नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो आपणहून घोड्यावरून आला. त्याला पुन्हा आबाच हवे होते. विलायतेतल्या मुलांना तो दुष्ट फार आवडला होता. संपादकाचे म्हणणे होते की त्याला परत आणा. साहेब मला म्हणाला, "मी बावीस पानं काढली, पण पत्रं आली ती तुझ्या बापासाठी. त्या चेहऱ्यावर माझा पगार वाढणार आहे."

"मेलेला माणूस परत कसा आणणार?" मी विचारले.

"आमच्या धंद्यात कोणी प्रेत दाखवत नाही," तो म्हणाला. "पडताना दाखवतो फक्त."

मी त्याला पंचांचे म्हणणे सांगितले. शक्य तितक्या अदबीने सांगितले. तो म्हणाला, "काढतो की. पाच मिनिटांचं काम. पण आधी त्यानं मला तोच चेहरा द्यावा. उघड्या डोक्याचा."

चावडीपुढे सगळे जमले होते. मी आबांना मराठीत सांगितले. आबा म्हणाले, "त्याला सांग, त्ये एकदा झालं. त्यानं केलं. म्या न्हाई केलं. आता माझ्या हातानं न्हाई हुनार."

"मग चित्र नाही," साहेब म्हणाला आणि वही मिटायला लागला.

तेवढ्यात चुलते पुढे झाले. त्यांचे नाकही आबांसारखेच सरळ आहे. एका आज्याची नातवंडे ती. ते मला म्हणाले, "साहेबाला सांग, त्याचं नगं काढू. माझं काढ म्हनावं. लागंल तसा बसतो." आणि बोलता बोलता त्यांनी आपले पागोटे स्वतःच्या हाताने उतरवले.

आबांचे चित्र निघू नये एवढ्याच ओढीत चुलत्यांच्या हातून ते झाले. आपण काय केले हे त्यांनाही लोकांचे चेहरे पाहिल्यावर कळले. पागोटे त्यांनी घाईने परत डोक्यावर घेतले, ते वाकडेच बसले.

साहेबाने त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि मान हलवली. "हा नको. याच्या चेहऱ्यात राग नाही, हाव आहे. ती आमच्याकडे घरोघर मिळते."

मी त्याचे शब्द न शब्द भाषांतर केले. तेवढे काम मी आनंदाने केले, हे कबूल करायला हरकत नाही.

मग तो म्हातारा पंच आबांकडे वळला. "तुझं कुनी उडवलं रं?" आबांनी साहेबाकडे हनुवटी केली. म्हातारा चुलत्यांना म्हणाला, "ह्याचं दुसऱ्यानं उडवलं. तुझं तू उतरवलंस, आमच्या म्होरं. घरात कोन गेलंय तुझ्या?"

चुलते तणतणत निघून गेले. पंचांनी चित्राची अट सोडली आणि दिवटी आबांकडे राहिली, पण निम्मी भावकी चुलत्यांच्या बाजूने फुटली. मेलेल्याच्या मागून आम्ही चालणार नाही, असे त्यांनी गावभर सांगितले.

दसऱ्याला आबा दिवटी घेऊन गड चढले. मागे माणसे थोडी होती. शेवटच्या चढावर, कड्याच्या टोकाशी, साहेब वही घेऊन बसलेलाच होता. त्याच धोंड्यावर. "इकडे बघ!" तो ओरडला. मग माझ्यावर खेकसला, "त्याला इकडे बघायला सांग! पैसे देतो!" मी चालत राहिलो. आबांनी मान वळवली नाही. दिवटीचा जाळ वाऱ्याने साहेबाच्या बाजूला झुकत होता, आणि आबांनी तो हाताने अडवला नाही. साहेब खोकत धोंड्यावरून उठला, पण त्याची पेन्सिल थांबली नव्हती. ते मला दिसले.

देवीपुढे दिवटी लागली. खाली उतरल्यावर मात्र चुलत्यांच्या ओसरीवरून कोणीतरी मोठ्याने म्हणाले, "गेलं का भूत गडावरनं?" आबा ऐकून पुढे गेले. त्या हिवाळ्यात भावकीतली कितीतरी माणसे समोर आली की रस्त्याची बाजू बदलून चालत.

पुढच्या सुट्टीला मी पुण्याहून निघालो तेव्हा तिथल्या लष्कर भागातल्या रद्दीवाल्याकडे मला नवा अंक मिळाला. आबा त्यात होते. साहेबाला चेहरा मिळाला नव्हता, म्हणून त्याने पाठ काढली होती. पांढरे पागोटे, त्याचा पाठीवर सुटलेला सोगा आणि उंच धरलेली दिवटी. इतकी खरी पाठ की मी रद्दीच्या दुकानात उभाच राहिलो. खाली छापले होते की कड्यावरून पडलेला दुष्ट मेला नाही, सूड घ्यायला तो परत आला आहे. पुढच्या चौकटीत तो तंबूला आग लावत होता.

अंक घरी न्यावा की नाही हे मला ठरवता येईना. वाटभर तो मी पिशवीच्या तळाशी ठेवला होता. पण आबांनी घरी पिशवी उघडलीच.

त्यांना अक्षर येत नाही. ते चौकटींवरून बोट फिरवत गेले आणि पहिल्या चौकटीशी थांबले. "जिता हाय," ते म्हणाले. मग, "पागोटं हाय."

"हो, आबा."

ते पुढच्या चौकटीवर गेले. "ह्ये काय पेटवतोय म्या?"

मी खरे सांगितले. "साहेब लोकांचा तंबू."

आबांनी पान जवळ धरून नीट पाहिले. नंतर अंक घडी करून काखेत घेतला आणि वहाणा पायात सरकवल्या.

"मंग बराबर काढलंय," ते म्हणाले, आणि चावडीकडे चालू लागले.