शांत डोक्याने केलेलं अपहरण

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मी अंधेरीत एका भल्या गृहस्थांना, दिवसाढवळ्या, त्यांच्याच गाडीतून पळवून नेलं. आणि तेही अत्यंत शांत डोक्याने!

हसू नका. आधी चहा घ्या, मग ऐका.

हे गेल्यापासून आमची गाडी बोरिवलीला बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी होती. तिच्याखाली मांजरीची दोन बाळंतपणं झाली. माझा मुलगा निखिल म्हणाला, "आई, विकून टाक ना. चालवणार कोण?"

"मी!"

तो हसला. म्हणाला, "बरं, लायसन्स काढ. पण या वेळीही नापास झालीस, तर रविवारी गिऱ्हाईक येतंय."

दर रविवारी सकाळी आम्ही दोघं त्या गाडीतून आरे कॉलनीत चक्कर मारायचो. हे चालवायचे, मी शेजारी बसून सूचना करायचे. ती गाडी विकायची? छे!

आता 'या वेळीही' म्हणजे काय, तेही सांगते. पहिल्या टेस्टला आरटीओचे साहेब शेजारी बसले आणि नुसतं "हं" म्हणाले. अगदी ह्यांच्यासारखं "हं". झालं! माझ्या डोळ्यांना धार, गाडी फुटपाथला, आणि साहेब मला स्वतःचा रुमाल देतायत.

म्हणून मी शिबिराला गेले. 'भावनांवर ताबा, ध्येयावर नजर'! तिथल्या मॅडमनी घोटून घेतलं: समोरचा काहीही बोलो, आधी श्वास, मग विचार, मग स्मित. शिवाय गाडी शिकवणारे परब सर म्हणाले, "काकू, साहेब काहीही विचारू देत, डगमगायचं नाही. आपली पांढरी गाडी गेटजवळ आहे, चावी लावलेलीच आहे. जाऊन बसा."

गेले. पांढरी गाडी होती. काचेवर लाल एल होता. चावीही होती. शेजारच्या सीटवर मांडीवर फाइल घेऊन एक गृहस्थ बसलेले. गाडीला झेंडूचा ताजा हार, सीटवर कोरं प्लास्टिक! माझ्या टेस्टसाठी परब सरांनी एवढं केलं? मला भरून आलं. लगेच श्वास घेतला.

"ओ ताई, तुमी कोण?"

झाली सुरुवात! मी पूर्ण नाव सांगितलं, पत्त्यासकट.

"अहो, पण ही गाडी तुमची नाय!"

"नाही साहेब, ड्रायव्हिंग स्कूलची आहे." पट्टा लावला. स्मित केलं.

"मी साहेब नाय हो!"

काय तो विनय! मी आरशात बघितलं, इंडिकेटर दिला आणि निघाले.

"खंय चललास? थांबवा! माझा चेडू झेरॉक्स काढूक गेला हा!"

त्यांची मुलगी झेरॉक्स काढायला गेली होती, एवढं मला कळलं. पण तिचा माझ्या टेस्टशी संबंध काय? नक्कीच लक्ष उडवायचा डाव! मी श्वास घेतला.

त्यांनी फोन लावला. "गो सायली, माका कोणतरी बाई पळवून नेता हा!"

काय अभिनय! असा माणूस सरकारी नोकरीत वाया चाललाय, असं मला मनापासून वाटलं.

"साहेब, पुढे गतिरोधक आहे. वेग कमी करते."

साहेबांनी डॅशबोर्डवरच्या गणपतीला हात जोडले आणि डोळे मिटून घेतले. बहुतेक मनातल्या मनात मार्क मांडत असावेत.

नाक्यावर रिक्षा आडवी आली. एरवी मी किंचाळले असते. आज? ब्रेक, क्लच, स्मित. यू-टर्न तर असा घेतला की हे असते तर यांनीही मान डोलावली असती. खरं सांगते, आयुष्यात इतकी झकास गाडी मी कधी चालवली नव्हती!

परत गेटपाशी आले तर ही गर्दी! परब सर डोक्याला हात लावून उभे. एक मुलगी रडत होती. तिच्या मागे खाकी कपड्यातले एक गृहस्थ घड्याळ बघत होते.

"काकू, आपली गाडी ती!" परब सरांनी पलीकडे बोट दाखवलं. तिला हार नव्हता. दाराला पोचा होता, तो मीच पाडलेला.

मी शेजारी वळले. "म्हणजे तुम्ही... साहेब नाही?"

"ताच तर सांगतंय मगासपासून!"

मी त्यांची, त्यांच्या मुलीची आणि बहुधा गणपतीचीही माफी मागितली. ते घटाघटा पाणी प्यायले. मग हळूच म्हणाले, "पण बाये, गाडी बरी चालवतास हां."

मुलीचा नंबर यायचा होता, म्हणून बापलेक तिथेच थांबले. खरे साहेब माझ्या गाडीत बसले. पट्टा लावला आणि म्हणाले, "हं."

पुन्हा तेच ह्यांचं "हं"! डोळे भरून आले. श्वास घेतला, विचार केला, स्मितही करून बघितलं. काही उपयोग होईना! तेवढ्यात आरशात ते गृहस्थ दिसले. आपल्या गाडीभोवती फिरून, तिला कुठे लागलंबिगलं तर नाही ना, म्हणून हात फिरवत होते. आणि मला जे हसू फुटलं! हसतच गाडी काढली, हसतच वळवली, हसतच थांबवली.

"पास," साहेब म्हणाले. "पण बाई, हसताय कशाला?"

काय सांगणार, कपाळ? उतरले आणि आधी निखिलला फोन लावला. "गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळव!"

"खरंच, आई? रडली नाहीस?"

"छे रे! आता मला डोकं ठिकाणावर ठेवता येतं," असं म्हणत मी गाडीचं दार उघडलं, ऐटीत ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि पट्टा ओढला.

झेंडूचा वास आला.

"अगो बाये!" शेजारून किंकाळी ऐकू आली. "परत?"