सातवीचा दुधी

भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते, तरी गुरम्माच्या घरातली दिवाळी काही हलायचं नाव घेत नव्हती. लेक महादेवी आणि जावई सिद्धराम पहिल्या दिवाळसणाला आले होते, आणि त्यांच्याबरोबर, कुणी बोलावलं नसताना, विहीणबाईही. सकाळची वेळ. गुरम्मा चुलीपुढं भाकरी थापत होती. विहीणबाई बाजेवर बसून चहात शेव बुडवत होत्या.

"तुमच्याकडं चहात आलं घालत न्हाईत जणू," त्या दुसऱ्यांदा म्हणाल्या.

तेवढ्यात कडी वाजली.

"गुरम्मा मावशी आहेत का? आम्ही कॉलेजातून आलोत, कृषी मंडळाची पोरं."

गुरम्माच्या हातची भाकरी तव्यावर वाकडी पडली. आज ना उद्या ही पोरं येणार हे तिला ठाऊक होतं. गावी गेलेल्या हेडमास्तरांचा काल दुपारीच फोन आला होता: "किल्ली तुमच्याकडंच हाय, तुम्हीच दाखवा बाग." हेडमास्तर सुट्टीत शाळेची किल्ली दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत. चौदा वर्षं गुरम्मा त्या शाळेत खिचडी शिजवत होती. चौदा वर्षांत शाळेचा मूठभर तांदूळ तिनं पदराला बांधला नव्हता, हे उदगीरच्या वाटेवरच्या त्या अख्ख्या गावाला माहीत होतं.

दारात ऋतुजा उभी होती, लातूरच्या शेतकी कॉलेजातली, मंडळाची अध्यक्ष. मागं मोटारसायकलला टेकून सर्वेश. दोघांच्या केसांवर धूळ. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या अकरा गावांच्या शाळांत त्यांनी मंडळं काढली होती आणि सुट्टीत एकेक शाळा बघत ती फिरत होती.

"या की, चहा घ्या," गुरम्मा म्हणाली खरी, पण पाय उंबऱ्यातच ठेवून.

"चहा नंतर, मावशी. आधी दुधी बघू," ऋतुजा हसली.

आतून विहीणबाईंचा आवाज आला, "दुधी बघायला आलाव? मग ह्यांच्या घरचा खावा एकदा! परवा खाल्ला आम्ही, निव्वळ लोणी!"

ऋतुजानं सहज अंगणाकडं नजर टाकली. अंगणात तुळस होती, पाण्याची टाकी होती. वेल कुठंच नव्हता. गुरम्मानं खुंटीवरची किल्ली ओढली आणि चपला न घालताच बाहेर पडली.

शाळा हाकेच्या अंतरावर होती, पण तेवढ्या वाटेत तिला सगळं पुन्हा आठवलं. श्रावणात हीच पोरं आली होती. सातवीच्या एकोणीस मुलांचं मंडळ केलं, ऋतुजाच्या आजीनं कंधारकडं जपलेल्या दुधीचं बी दिलं. तीन बियांतली एकच उगवली. एका वेलावर एकच फळ ठेवायचं, म्हणजे बी दमदार होतं, असं ऋतुजानं सांगितलेलं. दसऱ्यानंतर फळं धरली तेव्हा मुलांनी एक ठेवून बाकीची स्वतःच्या हातांनी खुडली. एक पोरगी तर खुडताना रडली. राहिलेल्या तळहाताएवढ्या फळावर त्यांनी बाभळीच्या काट्यानं 'सातवी' कोरलं. दुधी वाढला तशी अक्षरंही वाढली, रुंद, खपलीसारखी खरबरीत. खिचडीच्या ताटल्या हातात घेऊन पोरं रोज आधी तिकडं जाऊन यायची.

आणि परवा विहीणबाई म्हणाल्या होत्या, "डाळीनं पोट फुगतं माझं. साधी दुधीची भाजी असली तरी भागंल. आमच्याकडं तर दारातच असते. तुमच्याकडं नसंल म्हणा."

बाजाराचा दिवस उलटून गेला होता. दुकानात कांदे-बटाटे तेवढे होते. शेजारी मागायला जावं, तर विहीणबाई बाजेवरून बघत होत्या. एवढं बोलणं झालं नसतं तर गुरम्मानं बटाटाच केला असता. पण ते 'नसंल म्हणा' तिला झोंबलं. खुंटीवर किल्ली होती. सोलताना 'सातवी' ही अक्षरं एकाच सालीत अख्खी निघाली. ती साल तिनं उकिरड्यात खोल पुरली. पानात भाजी वाढल्यावर विहीणबाईंनी विचारलं, "कुठला हो?" आणि ती बोलून गेली, "घरचाच हाय."

फाटक उघडलं. मांडवाखाली पानाआड दुधी लोंबत होता, सरळ, हिरवागार, अंगावर 'सातवी'.

"भारी!" सर्वेश ओरडला. "अकरा शाळांत दिलं बी. नऊ ठिकाणी पावसानं वेल कुजले, एका ठिकाणी बकऱ्यांनी खाल्ला. हा एवढाच राहिला बघा, मावशी. ह्याचंच बी आता सगळ्या शाळांना जाणार."

ऋतुजानं दुधीखाली हात धरला. अंगठा अक्षरांवरून फिरवला. अक्षरं केसासारखी बारीक होती आणि कडेला पांढरा चीक अजून चिकट होता. देठाला सुतळी होती. तिनं हळूच हात काढून घेतला आणि रुमालाला पुसला.

काल संध्याकाळी शेजारच्या नीलम्माच्या छपरावरून मागून आणलेला दुधी होता तो. गुरम्मानं टाचणीनं अक्षरं काढली होती. फळ पोसल्यावर कोरलेलं अक्षर वाढत नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"फोटो काढतो," सर्वेशनं मोबाईल वर केला. "सरांच्या ग्रुपवर टाकला की पोरं आत्ताच बघतील घरबसल्या."

"नको!" गुरम्मा त्याच्यापुढं आडवी झाली. "नको रे बाबा. पोरांना त्यो फोटो नको." मग पदर तोंडाला लावला आणि पदरातूनच म्हणाली, "त्यो ह्यो न्हाई. पोरांचा मी कापला. विहिणीला वाढला."

सर्वेशनं मोबाईल खाली घेतला.

"कळलं होतं मला," ऋतुजा म्हणाली.

"कवा?"

"हात लावला तेव्हाच."

"मग बोलली का न्हाईस, बाई?"

ऋतुजा मातीकडं बघत राहिली. "तुम्ही माझ्या आईएवढ्या. कसं बोलू?"

गुरम्माला ते शब्द शिवीपेक्षा लागले. तिच्या लेकीहून लहान पोरगी, आजीचं बी गेलं तरी गुरम्माचीच लाज झाकत उभी होती. तिला मातीत बसावंसं वाटलं, आणि ती बसलीच.

"बी काढलं होतं मी," ती पुटपुटली. "राखेत वाळवाया ठिवलं. पाण्यासारखं हाय आत. कवळंच होतं."

"हो, ते उगवणार नाही," ऋतुजानं सांगितलं. पानं बाजूला सारत ती वेलाच्या शेंड्यापर्यंत गेली. तिथं एक कळी होती, मागं करंगळीएवढी गाठ धरलेली. "ही धरली तर धरली. थंडी लवकर पडली तर नाही धरायची. सांगता येत नाही."

सर्वेशनं वही उघडली होती. "मावशी, एक सांगू? त्या नऊ शाळांपुढं 'पावसानं गेला' लिहिलंय. इथंही तसंच लिहितो. पोरांनाही तेच सांगू. कुणाला काही कळायचं नाही."

गुरम्मानं मान हलवली. वर बघायचा तिला धीर होत नव्हता. ती त्या कळीकडंच बघत बोलली.

"तसलं काही लिहू नगंस, बाबा. पोरांनी रोज पाणी घातलंय. पावसावर घालू नगंस." तिनं नाक पुसलं. "सुट्टी संपली की सोमवारी शाळा भरतीया. फोनवर सांगू नगा, सरांनाही सांगू देऊ नगा. पोरं ताटल्या घेऊन बसली की माझ्या तोंडानं मला सांगू द्या. तेवढंच."