साडूभाऊंचा उघडा गोठा

आमच्या साडूभाऊंइतका निर्धास्त माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही. फुलसावंगीच्या त्यांच्या घराला कुलूप आहे, पण किल्ली कुठे आहे हे खुद्द त्यांनाही ठाऊक नाही. देवळाबाहेर चप्पल खुशाल सोडतात आणि येताना मापाची मिळेल ती घालून येतात. वेबसाइटही त्यांनी ह्याच स्वभावानं काढली. गावात ट्रॅक्टर आले, बैलजोड्या एकेक करून बाजारात गेल्या, तेव्हा साडूभाऊंनी घरोघरी हिंडून पोळ्यातल्या सजलेल्या बैलांचे जुने फोटो गोळा केले आणि तिथे लावले. खाली बैलाचं नाव, मालकाचं नाव आणि बैलाची खोड. कोणालाही फोटो चढवता यावा म्हणून पासवर्ड ओट्याच्या भिंतीवर खडूनं लिहिलेला, आणि तोही काय, तर गावाचं नाव. मी हटकलं तर म्हणाले, "पोळ्याचे बैल दारात आल्यावर कोनी दार लावते का जी?"

सॉफ्टवेअर जुनं झालंय, नवं घाला, अशी सूचना पडद्यावर यायची. ती ते माशीसारखी हाकलायचे. "चालून राह्यलं ना? मंग चालत्या बैलाले आर कायले टोचाची?" फोटोंची एक प्रत दुसरीकडे ठेवा म्हटलं, तर म्हणे एका बैलाले दोन गोठे कायले.

यंदा पोळ्याच्या तोंडावर त्यांचा फोन आला. वेबसाइट उघडली की काळं पान, त्यावर कवटी आणि इंग्रजीत कसलीशी फुशारकी. संगणकाची कामं करणारा घरात मी एकटाच, म्हणून यवतमाळहून मिळेल ती एसटी धरून गेलो. साडूभाऊंसमोरचा चहा थंड झाला होता. "माह्यं जाऊ द्या," ते म्हणाले. "शेजारच्या म्हातारीजवळ तिच्या ढवळ्याचा दुसरा फोटो नाही. रोज येऊन पायते. तिले काय सांगू?"

जुन्या सॉफ्टवेअरच्या भगदाडातून कोणी शिरलं की भिंतीवरच्या पासवर्डानं, कोण जाणे. पण आलेल्यानं दर्शनी पान तेवढं बदललं होतं. आत सगळे बैल जागच्या जागी होते. ढवळ्या दिसला तसे साडूभाऊ डोळे पुसत म्हणाले, "गोठ्यात पाय नाही टाकला त्यानं. शेतकऱ्याचंच पोरगं असन." मी प्रत काढली, सॉफ्टवेअर नवं घातलं, पासवर्ड त्यांना बदलायला लावला आणि कोणालाही सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावली.

आठवडाभरात त्यांचा फोन. पासवर्ड सांगायला लागले. मी दटावलं, तर म्हणाले, "आयका ना जी. उद्या मी नसलो, तर बैलांचं दार कोन उघडन?"

मी पासवर्ड लिहून घेतला. तो वापरायची वेळ माझ्यावर कधी येऊ नये, एवढंच वाटतं.